भराव म्हणजेच गाव : पेण, रोहा आणि जमिनीखालचा नकाशा

आजच्या व्याख्यानाला आम्ही समीक्षा म्हणतो आहोत. समीक्षा म्हटली की समोर एखादं पुस्तक हवं. आज ते नाही. आज समोर आहे एक नकाशा, तो काढण्याची पद्धत आणि त्यामागची आपली एक जुनी सवय. रायगड जिल्ह्याचा इतिहास म्हटला की आपण मान वर करतो, ही ती सवय. किल्ले डोंगरावर, लेणी कड्यात. पायाखाली बघायचं आपल्याला सुचत नाही. ज्या जमिनीवर गेली कित्येक शतकं बाजार भरला, घरं बांधली आणि पाडली, विहिरी खणल्या आणि बुजवल्या, ती जमीन आपल्या लेखी नुसता प्लॉट असतो. सात-बाराचा उतारा किंवा प्रॉपर्टी कार्ड पाहिलं की विषय संपला.

उदाहरणाला आम्ही पेण आणि रोहा घेतले. ही काही जिल्ह्यातली सर्वांत प्रसिद्ध ऐतिहासिक ठिकाणं नाहीत, आणि आमच्या दृष्टीने त्यांचं महत्त्व नेमकं तिथंच आहे. प्रसिद्ध ठिकाणाला कोणी ना कोणी वाली असतो. मधल्या आकाराच्या, चालत्याबोलत्या, रोज बांधकाम सुरू असलेल्या गावाला तो नसतो.

आधी ही गावं बसली आहेत कुठं ते बघू. पेण भोगावती नदीवर. त्याचं जुनं बंदर अंतोरा, खाडीच्या तोंडापासून बरंच आत. रोहा कुंडलिकेवर, आणि पलीकडच्या काठाला अष्टमी. म्हणून तर नगरपरिषदेचं नावही रोहा-अष्टमी असं जोडून आहे. हीच कुंडलिका खाली रेवदंडा-चौलजवळ समुद्राला मिळते. दोन्ही गावांत एक गोष्ट समान आहे : भरतीचं पाणी जिथवर आत येतं, त्या टोकाच्या आसपास ती आहेत. तिथवर होडी, तिथून पुढे बैल. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी निघालेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन चौलवरून खाडीमार्गे अष्टमीला पोचला आणि तिथून जमिनीवरून रायगडाकडे गेला. तेव्हाच्या प्रवाशाला हा रस्ता रोजचाच होता.

होडीतला माल जिथं बैलाच्या पाठीवर चढतो, तिथं माणूस थांबतोच. भरतीची वाट बघतो, जकात देतो, जेवतो, माल ठेवायला जागा शोधतो, मडकी फोडतो आणि टाकून देतो. पुरातत्त्वाला लागतो तो हाच कचरा. घाटमाथ्यावरून उतरणाऱ्या वाटा आणि खाडी जिथं भेटतात, अशा जागा हजार-दोन हजार वर्षांत फारशा बदलत नाहीत. खाडी सरकली, गाळ साचला, तर धक्का थोडा पुढेमागे होतो, इतकंच. म्हणून या दोन गावांच्या पोटात काय आहे हा प्रश्न रिकामटेकडा नाही.

आता पुरावा कुठं आहे तेही बघा. रोह्याच्या दक्षिणेला, आज तळा तालुक्यात, मांदाडच्या खाडीवर कुडे लेणी आहेत. २६ लेणी. त्यांतल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. मांदव घराण्यातले महाभोज आणि त्यांचे नातलग आहेतच. पण शिवाय हार करणारा माळी आहे, वैद्य आहे, लेखनिक आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. ही यादी जरा थांबून वाचायला हवी. माळी, वैद्य, लेखनिक आणि लोखंडाचा व्यापारी जिथं एकत्र नांदतात, त्याला आपण गाव म्हणतो, बहुधा शहरच. रोज फुलं विकत घेणारे लोक असल्याशिवाय माळ्याकडे लेण्याला दान देण्याइतका पैसा साठत नाही. या लोकांचं दान कातळात शिल्लक आहे. त्यांची घरं कुठं होती? चूल कुठं होती? लेण्यांच्या पायथ्याचं मांदाड म्हणजे ‘पेरिप्लस’मध्ये आलेलं मांदागोरा बंदर, असं बरेच अभ्यासक मानतात. उत्तरेला ठाणाळे आणि खडसांबळे ही लेणी घाटाखाली आहेत. म्हणजे आपल्याकडे दानपत्रं आहेत, पण दात्यांचा पत्ता नाही. पत्ता जमिनीखाली आहे, कुठल्या तरी गावठाणात, कुठल्या तरी बांधाच्या आत.

मग तो शोधला का गेला नाही? इथून आमची टीका सुरू होते.

पहिली टीका छापील परंपरेवर. १८८३ सालचा कुलाबा गॅझेटियर आजही आपला पाया आहे, आणि तो पाया मजबूत आहे, यात शंका नाही. चौलवर त्यात पानंच्या पानं आहेत. कुड्याचे लेख एकेक करून दिले आहेत. पण त्याच खंडात पेण आणि रोहा येतात ते व्यापार, वस्ती, कचेऱ्या आणि नगरपालिका यांच्या रूपात. एका बाजूला ‘प्राचीन’ स्थळं, दुसऱ्या बाजूला ‘चालू’ गावं, अशी ही वाटणी. राज्यकर्त्याला ती सोयीची होती, कारण चालू गावातून महसूल येतो आणि प्राचीन स्थळातून कुतूहल भागतं. नंतर १९६४ मध्ये गॅझेटियरची सुधारित आवृत्ती निघाली, १९८१ मध्ये जिल्ह्याचं नाव कुलाब्याचं रायगड झालं, पण ही वाटणी तशीच राहिली. आजही पर्यटनाच्या पत्रकात ती दिसते. चालू गावालाही प्राचीन तळ असू शकतो, हे त्या मांडणीत बसतच नाही.

दुसरी टीका जरा नाजूक आहे, कारण ती आपल्याच थोर परंपरेवर आहे. महाराष्ट्राचं पुरातत्त्व घडलं ते देशावर. सांकलिया आणि दीक्षित यांनी १९४५–४६ मध्ये कोल्हापूरला ब्रह्मपुरीचं टेकाड खणलं. पुढे नाशिक, नेवासे. या कामाने आपल्याला डोळे दिले. पण ते डोळे पांढरीची टेकाडं ओळखायला शिकले. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्तीची जमीन, हे देशावरच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. मातीचं धाब्याचं घर पडतं, त्याच मातीवर नवं उभं राहतं, पुन्हा पडतं. असं करत गाव उंच होत जातं आणि दोन हजार वर्षांनी लांबूनही टेकाड दिसतं.

कोकणात हा हिशेब चालत नाही. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणामातीचं सारवण, वर गवत किंवा कौलं. घर पडलं तर त्यातलं बरंचसं कुजतं, आणि वर्षाला कितीतरी फूट पडणारा पाऊस उरलेलं धुऊन नेतो. टिकतं ते जोतं. पण जोत्याचे दगड फुकट जात नाहीत, पुढचं घर त्याच जोत्यावर उभं राहतं किंवा तेच दगड उचलून दुसरीकडे बसतात. त्यामुळे वस्ती कितीही जुनी असली तरी गाव उंच होत नाही. थर पातळ राहतो, पसरतो, कापला जातो. अशा ठिकाणी टेकाड शोधत फिरणाऱ्याला काहीच दिसणार नाही, आणि तो वहीत लिहील : ‘अवशेष नाहीत.’ पेण-रोह्याचा नकाशा रिकामा दिसतो तो अंशतः याच कारणाने. देशावरची फूटपट्टी आपण खाली उतरवली आणि ती तोकडी पडली, तर दोष जमिनीला दिला.

त्यात पेणची आणखी एक अडचण. पेण-अलिबागमधला खारेपाट म्हणजे समुद्राकडून हिसकावून घेतलेली जमीन. बांध घालायचे, उघाड्या ठेवायच्या, पावसाच्या पाण्याने मीठ धुवायचं आणि मग भात लावायचा. बांध फुटला की समुद्र परत आत. म्हणजे इथं माणसाचा थर आणि समुद्राचा थर एकावर एक बसतात. एखादा जुना धक्का किंवा एखादं जुनं मिठागर आज भाताच्या खाचराखाली कित्येक हात चिखलात असू शकतं. जमिनीवरून चालत खापरं वेचणं ही पुरातत्त्वाची पहिली पायरी. इथं ती चिखलाच्या वरच अडते.

हे अशक्य काम नाही, हे चौलने दाखवलं. या शतकाच्या पहिल्या दशकात डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौलला उत्खनन केलं. ‘पेरिप्लस’मधलं सेमुल्ला ते हेच, हे आधी ग्रंथांवरून म्हटलं जात होतं. आता जमिनीतून सातवाहनकाळापासूनची वस्ती पुढे आली. पोर्तुगीज तट-बुरूज वर दिसत होतेच, पण त्याहून हजार-दीड हजार वर्षं जुनं चौल खाली होतं. त्याच कुंडलिकेवर आत गेलं की रोहा. बंदराचं तोंड आपण वाचायला घेतलं. मालाची वाट जिथं जमिनीला लागते, ते टोक तसंच राहिलं.

आता यंत्रांकडे येऊ, कारण आजकाल हा प्रश्न लगेच येतो : खणायचं कशाला, रडार फिरवा की! जमिनीत लहरी सोडणारं रडार कोरड्या वाळूत, दगडी फरशीखाली छान काम करतं. पण ओल्या, खारट, चिकण मातीत त्याच्या लहरी थोड्याच अंतरात विरतात. खारेपाटाची माती नेमकी तशीच. चुंबकीय मापन करावं तर खाली बेसॉल्ट, जो स्वतःच चुंबकीय, आणि वर गावभर लोखंडी सळया, पाइप, पत्रे. वीजरोध मोजावा तर पाण्याने सगळं सारखंच होतं. या पद्धती टाकाऊ आहेत असं आम्ही म्हणत नाही. पण परदेशातल्या एखाद्या रोमन नगराचं रंगीत चित्र पडद्यावर दाखवून ‘आपल्याकडेही असं करू’ म्हणणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारावा : तिथली माती कोणती होती?

आणि मग, ज्याची कोणी जाहिरात करत नाही असं एक साधन शिल्लक राहतं. ते पेण-रोह्यात दर महिन्याला वापरलं जातं. कोणी इमारत बांधायला घेतली की मातीची चाचणी होते. बोअर घेतात आणि अहवालात लिहितात : वरचे इतके मीटर भराव, मग चिकण माती, मग मुरूम, मग कठीण खडक. इंजिनिअरच्या दृष्टीने भराव म्हणजे नकोसा थर. त्यावर पाया टेकवता येत नाही, म्हणून तो काढून टाकायचा किंवा ओलांडून खाली जायचं. पण भराव म्हणजे काय हो? विटांचे तुकडे, कौलं, खापरं, राख, शिंपले, कोळसा, माणसाने आणून टाकलेली माती. तो भराव म्हणजेच गाव! पुरातत्त्वज्ञ ज्यासाठी आयुष्य घालवतो, तो थर अहवालाच्या पहिल्याच ओळीत नाकारलेल्या मालासारखा नोंदला जातो, आणि अहवाल फाइलीत जातो.

हे ज्यांनी वेळेवर ओळखलं, त्यांची दोन उदाहरणं सांगतो. लंडनमध्ये १९७३ साली मार्टिन बिडल, डॅफ्ने हडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द फ्यूचर ऑफ लंडन्स पास्ट’ हा अहवाल काढला. शहराखाली काय उरलंय आणि तळघरांनी काय कायमचं गेलंय, हे त्यांनी नकाशांवर मांडलं. इतिहासाचा नकाशा म्हणजे वैभवाची यादी, ही समजूत त्यांनी मोडली. जे संपलं तेही त्यांनी दाखवलं. दुसरं उदाहरण यॉर्क. १९९१ मध्ये तिथं विकास आणि पुरातत्त्व यांचा एकत्र अभ्यास झाला. जुनी उत्खननं आणि बांधकामासाठी घेतलेल्या बोअरच्या नोंदी एकत्र करून, शहराच्या कुठल्या भागात थर किती जाड, याचा अंदाज बांधला. म्हणजे इंजिनिअरच्या कागदांतूनच गावाचा पोटातला नकाशा निघाला.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? १९५८ चा केंद्राचा कायदा संरक्षित स्मारकाभोवती कुंपण घालतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर १०० मीटर प्रतिबंधित, त्यापुढे २०० मीटर नियंत्रित. स्मारक नसेल तर कुंपणही नाही. राज्याचा १९६० चा कायदाही मुख्यतः घोषित स्थळांपुरता. नगररचनेच्या १९६६ च्या कायद्यात, विकास आराखड्यात काय असावं त्या यादीत ऐतिहासिक वास्तू आणि जागांचं जतन आहे. पण प्रत्यक्षात त्याची यादी होते ती उभ्या इमारतींची. ज्याला छप्पर नाही, त्याला रकाना नाही. आणि जमिनीतून काही निघालंच, तर १८७८ चा निखात निधी कायदा. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, असं तो सांगतो. दहा रुपये! दीडशे वर्षांपूर्वीच्या या अटीतून दोन परिणाम होतात. सोन्याचं नाणं सापडलं की मजूर आणि मालक दोघेही गप्प. आणि खापराची किंमत दहा रुपयेसुद्धा नाही, म्हणून ते डंपरमध्ये. ज्या तुकड्यावरून थराचं वय ठरतं, तोच कायद्याच्या तागडीत निरुपयोगी.

इथं समोरून एक रास्त आक्षेप येतो, आणि तो टाळणं अप्रामाणिक होईल. रोह्यातल्या एखाद्या कुटुंबाचं जुनं घर गळतंय. चार भावांत मिळून त्यांनी ते बिल्डरला दिलंय, सगळे भाड्याच्या खोल्यांत राहताहेत. अशा वेळी तुम्ही येऊन म्हणणार, थांबा, खाली इतिहास आहे? इंग्लंडमध्ये १९९० नंतर खर्च विकासकाकडून घेतात, पण तिथला विकासक आणि इथला चार गुंठ्यांचा मालक एका मापाचे नाहीत. शिवाय ‘पुरातत्त्वीय महत्त्व’ असा शिक्का नकाशावर बसला की जागेची किंमत पडते. मग लोक काय करतील? रात्री खणतील. थर वाचवायला काढलेला नकाशाच थर नष्ट करायला कारण होईल.

हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. म्हणूनच आमचं म्हणणं काम थांबवण्याचं नाही, नोंद ठेवण्याचं आहे. तीन साध्या गोष्टी. एक, बांधकाम परवानगीसाठी माती चाचणीचा अहवाल घेतला असेल तिथं त्याची एक प्रत नगरपालिकेत वेगळी ठेवायची, गट किंवा सिटी सर्व्हे नंबरासकट. दोन, पायाचा खड्डा खणून झाला की काँक्रीट पडण्याआधी त्याच्या चारही बाजूंचे फोटो, शेजारी मोजपट्टी उभी धरून. याला अर्धा तास लागतो. तीन, खड्ड्यातली मूठभर खापरं, खोली लिहिलेल्या पिशवीत. पिशवी कोणी ठेवायची? गावात महाविद्यालय असतं, वाचनालय असतं, इतिहासाचे शिक्षक असतात. गटार, पाण्याची लाइन, केबल यांचे चर तर पालिकेच्याच परवानगीने खणले जातात. तिथं मालकाचा प्रश्नही येत नाही. दहा वर्षं हे केलं तर गावाच्या पोटाचे शेकडो ठिपके हाती येतील, आणि ठिपके जोडले की नकाशा.

तो नकाशा कसा असावा, हेही बोलू. वाईट नकाशाची पहिली खूण म्हणजे त्यातला आत्मविश्वास. ‘येथे सातवाहनकालीन नगर’ असा लाल पट्टा ओढणं फार सोपं. चांगल्या नकाशात किमान तीन रंग हवेत : जे पाहिलंय ते, जे खणून संपलंय ते, आणि जे अजून पाहिलेलं नाही ते. तिसऱ्या रंगाची लाज वाटायचं कारण नाही. उलट तो सर्वांत उपयोगी, कारण पुढच्या खड्ड्याकडे कोणी धावायचं हे तोच सांगतो. त्यात नद्यांचे जुने काठ हवेत. भिऱ्याच्या वीजगृहातून मुळशीचं पाणी १९२० च्या दशकापासून कुंडलिकेत येतं, म्हणजे आज रोह्याला दिसणारी नदी ही ऑक्झेंडनने पाहिलेली नदी नव्हे. पुराचे थर हवेत. जुलै १९८९ मध्ये अंबेच्या पुराने जांभूळपाडा आणि नागोठणे उद्ध्वस्त केलं. त्या गाळाची तारीख आपल्याला पक्की ठाऊक आहे, म्हणून तो सापडेल तिथं त्याच्या वरचं काय आणि खालचं काय, हे लगेच ठरतं. पेणला तर आपलाच एक थर आज तयार होतोय. गणपतीच्या कारखान्यांतल्या प्लास्टरच्या चुऱ्याचा. पाचशे वर्षांनी कोणी पेण किंवा हमरापूर खणलं तर त्या पांढऱ्या पट्ट्यावरून तो आपला काळ ओळखेल. थर म्हणजे फक्त प्राचीन काही, हा गैरसमज त्याने तरी दूर व्हावा.

एवढा खटाटोप कशाला, असं विचाराल तर कारण साधं आहे. गाव किती जुनं, पहिले कोण आले, कोणाचं देऊळ आधीचं, कोणती आळी मूळची, या प्रश्नांची उत्तरं लोक देतच असतात. पुरावा नसला तरी देतात, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचं उत्तर टिकतं. अष्टमीच्या धक्क्यावर कोकणी मुसलमान व्यापारी, भंडारी, कोळी, ब्राह्मण, बैल हाकणारे घाटावरचे लोक हे सगळे एकाच चिखलात उभे राहिले असतील, तर त्यांची खापरंही एकाच थरात मिसळलेली असणार. मिसळलेला थर कोणा एकाच्या बाजूने साक्ष देत नाही. भांडणाच्या काळात अशा साक्षीदाराची गरज असते.

आणि वेळ थोडा आहे. पूर्वीची घरं जोत्यावर उभी राहत, खालचा थर तसाच ठेवून. आजची सहा-सात मजली इमारत पाया थेट मुरमापर्यंत नेते, आणि मधलं सगळं एका आठवड्यात डंपरने निघून जातं. पडलेला किल्ला पुन्हा बांधता येतो, लोक बांधतातही. उचललेला थर परत रचता येत नाही. तो डंपर पुढे कुठं रिकामा होतो? बऱ्याचदा दुसऱ्या कोणाच्या प्लॉटवर, भराव म्हणून.

तर पेण-रोह्यातून हे ऐकणाऱ्यांना आमची एवढीच विनंती : यंदा पावसाळा संपून बांधकामं सुरू झाली की आपल्या आळीतल्या पहिल्या खड्ड्याच्या कडेला मोजपट्टी घेऊन जा, मालकाला विचारून एक फोटो काढा, आणि मागे तारीख व खोली लिहून ठेवा. आता प्रश्न घेऊ.